पंथभेद आणि पाठभेद : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक विचार

मराठी वाङ्मयाचे जे इतिहास आपल्याकडे लिहिले गेले, त्यांत 'ख्रिस्ती वाङ्मय' म्हणून एक स्वतंत्र प्रकरण बहुधा असतेंच. त्या प्रकरणांत फादर स्टीफन्स येतात, बाबा पदमनजी येतात, पंडिता रमाबाई येतात, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई येतात. आणि प्रकरण संपतें. वाचणाराची अशी समजूत होते कीं, हीं सारीं माणसें एकाच घरांतलीं, एकाच देवळांत जाणारीं आणि एकाच पंगतीस बसणारीं होतीं. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. स्टीफन्स हा रोमन कॅथोलिक, आणि त्यांतहि जेसुइट संघाचा. बाबा पदमनजींनीं स्कॉटिश मिशनांत काम केलें. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत अँग्लिकन पंथांत झाला, परंतु पुढें त्या कोणत्याच एका पंथाच्या म्हणून राहिल्या नाहींत. टिळक पतिपत्नी अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळींतलीं. इतिहासकार बाहेर उभा राहून पाहतो म्हणून त्यास एक घर दिसतें. आंत पाऊल टाकलें म्हणजे भिंती दिसूं लागतात. ह्या भिंती खऱ्या किती आणि मानलेल्या किती, वाङ्मयानें त्या कोठें ओलांडल्या, आणि ओलांडतांना कांहीं मोलाचें गमावलें काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वाचकांचा आहे असें कोणी समजूं नये. ज्या महाराष्ट्रांत नाथपंथाची दीक्षा घेतलेला ज्ञानेश्वर विठ्ठलभक्तांची माउली झाला, त्या महाराष्ट्राच्या वाचकास संप्रदाय म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. संप्रदाय निरनिराळे असूनहि उपासकांचें कुटुंब एक कसें राहावें, ही आपलीहि जुनीच अडचण आहे.

नागपुराहून पूर्वेस निघालेली आगगाडी भंडारा आणि तुमसर मागें टाकून गोंदियास येते, आणि पुढें आमगांव, सालेकसा, दरेकसा ह्या आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील रानांतून डोंगरगड-राजनांदगांवकडे जाते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक ह्याच मार्गानें राजनांदगांवास जात असतां डब्यांत त्यांस एक गोरा मिशनरी भेटला. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या. निरोप घेतांना त्यानें नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. हा मनुष्य अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथॉडिस्ट नांवाच्या एका लहानशा अमेरिकन पंथाचा. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनच्या देवळांत, आणि स्वतःच्या आग्रहानें एका भारतीय पाळकाच्या हातून. ते वारल्यावर १९२३ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र लिहिलें तें जॅक विन्स्लो ह्या अँग्लिकन पाद्र्यानें. त्यांच्या पदांचीं इंग्रजी भाषांतरें केलीं तीं निकल मॅक्निकल ह्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानें. म्हणजे ग्रंथ एका पंथाच्या हातून मिळाला, दीक्षा दुसऱ्याच्या, चरित्र तिसऱ्याच्या आणि भाषांतर चौथ्याच्या! एका कवीच्या आयुष्यांत चार पंथ असे सहज एकत्र आले, आणि त्यांत कोणास कांहीं विलक्षण वाटल्याचें दिसत नाहीं.

परंतु एवढ्यावरून पंथभेद मिटला होता असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. सलोखा ही एक गोष्ट आणि ऐक्य ही दुसरी. शेजाऱ्याच्या घरीं हळदीकुंकवास जाणें निराळें, आणि त्याच्या चुलीवर आपला भात शिजणें निराळें. ह्या भेदानें नव्या श्रद्धावंताची काय दशा होते ह्याची साक्ष रमाबाईंनीं दिली आहे. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकांत त्या सांगतात कीं, इंग्लंड-अमेरिकेंत इतक्या पंथांचीं आणि मतांचीं माणसें भेटलीं कीं त्या सर्व कोलाहलांत आपण गोंधळून गेलों. वेदशास्त्रसंपन्न घराण्यांतली, सर्व हिंदुस्थान पायीं हिंडलेली ही बाई. एका घरच्या वादांतून बाहेर पडावें तों दुसऱ्या घरचे वाद पुढें उभे! त्यांनीं त्यावर उपाय शोधला तो असा कीं, पंथ सोडून मूळ ग्रंथास धरावें. हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा शिकून त्यांनीं सबंध बायबल मराठींत आणलें, तेंहि अल्पशिक्षित बायकांस समजेल अशा मराठींत. तें १९२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, पूर्ण प्रसिद्ध झालें. कार्य अद्भुत आहे ह्यांत शंका नाहीं. पण ग्रंथाकडे परत गेल्यानें पंथ नाहींसे होतात ही आशा मात्र खरी नव्हे. कारण बहुतेक पंथ निघाले तेच मुळीं ग्रंथाकडे परत जाण्याच्या हांकेंतून.

दुसरा एक युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. तो असा कीं, हे पंथ म्हणजे युरोपांतले जुने तंटे; राणी एलिझाबेथचें राज्य आणि पोपची सत्ता ह्यांच्या भांडणाशीं साल्सेतच्या शेतकऱ्यास किंवा नगर जिल्ह्यांतल्या मजुरास काय करावयाचें? ह्यांत तथ्य पुष्कळ आहे. खुद्द टॉमस स्टीफन्स हा इंग्रज. कॅथोलिकांस जाचक झालेल्या प्रॉटेस्टंट इंग्लंडांतून तो निघाला आणि १५७९ सालीं गोव्यास उतरला. पुढें दोन-तीनशें वर्षांनीं प्रॉटेस्टंट मिशनें आलीं, त्यांनीं आपापसांत मुलूख वांटून घेतले. त्यामुळें एखादें कुटुंब प्रेस्बिटेरियन कां झालें ह्याचें उत्तर पुष्कळदां धर्मशास्त्रांत सांपडत नाहीं, नकाशांत सांपडतें. नागपुरांत स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास काम करूं लागला म्हणून त्या बाजूस स्कॉटिश वळण. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन म्हणून तिकडे तें वळण. कुटुंबानें नाताळास कोणतें पद म्हणावें हें अशा रीतीनें रेल्वेच्या फांट्यावर ठरलें.

तरी हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. तंटा परका असला तरी त्यांतला प्रश्न परका असतोच असें नाहीं. तान्ह्या मुलास दीक्षा द्यावी कीं जाणत्या वयाच्या मनुष्यानें ती स्वतः मागून घ्यावी? धर्मांत प्रमाण कोणाचें, ग्रंथाचें, परंपरेचें कीं अंतःकरणाचें? हे प्रश्न मुंजीच्या आणि गुरूपदेशाच्या देशांतहि विचारले जातातच. म्हणून 'भेद सारे परदेशी, ऐक्य तेवढें स्वदेशी' असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. भेदांकडे नीट पाहिलें पाहिजे. आणि तसें पाहण्यास काव्यासारखें दुसरें स्थान नाहीं, कारण सभेच्या ठरावांत मनुष्य सावधपणें बोलतो, काव्यांत तो आपलें हृद्गत सांगून जातो.

स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ आणि १६५४ सालीं तें पुन्हां निघालें. दोन भाग, मिळून ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय, आणि सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या भागांत सृष्टीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. ग्रंथ कां लिहिला ह्याचें कारण कवीनें ग्रंथांतच सांगितलें आहे. नवदीक्षितांपैकीं एक ब्राह्मण पाद्रीस म्हणतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? आम्हांस हा प्रश्न सबंध ग्रंथांतील अत्यंत जिवंत स्थळ वाटतो. त्यांत तक्रार आहे, भूक आहे, आणि कोणत्याहि धर्मांतराच्या पोटीं असलेली पोकळीहि आहे. गोव्यांतील पोर्तुगीज अमलानें देवळें पाडलीं, पोथ्या नाहींशा केल्या, ही गोष्ट झांकून ख्रिस्तपुराणाची स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु त्या अमलाच्या छायेंत राहून एका परदेशी पाद्र्यानें त्या पोकळीची जाणीव ठेवली, आणि ती भरतांना लॅटिन किंवा पोर्तुगीज न वापरतां ओवी वापरली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि मराठी भाषेची तिच्या पुत्रासही लाजवील अशी स्तुति गायिली, हें त्याचें श्रेय कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनीं एत्येन द ला क्रुआ ह्या दुसऱ्या जेसुइटानें संत पीटरवर पुराण रचलें. त्याचा बराच भाग हिंदु दैवतांच्या खंडनांत खर्ची पडला आहे. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: शत्रूकडे बोट दाखवून आपल्या लोकांस एकत्र आणणें सोपें असतें, पण तसें ऐक्य पुढच्या पिढीच्या कंठांत राहत नाहीं. लोकांच्या कंठांत राहिलें तें स्टीफन्सचें पुराण. १६८४ च्या फर्मानानें गोव्यांत देशी भाषेवरच गदा आली. तरी गोवें सोडून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं ह्या ओव्या आपल्याबरोबर नेल्या, आणि १९०७ सालीं मंगळुरास सालदाना ह्यांनीं त्या छापून काढल्या त्या ह्याच परंपरेच्या आधारानें.

आतां तीनशें वर्षें ओलांडून टिळकांकडे यावें. ख्रिस्तायनाचा आरंभ टिळकांनीं केला. थोडे अध्याय होतात न होतात तों ९ मे १९१९ रोजीं ते वारले. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले, आणि ग्रंथ १९३८ सालीं, त्यांच्याहि मृत्यूनंतर, बाहेर आला. ह्या ग्रंथाविषयीं आदर बाळगूनहि खरें तें सांगितलें पाहिजे. लांबलचक कथनकाव्य म्हणून ख्रिस्तायन ख्रिस्तपुराणाची बरोबरी करीत नाहीं. स्टीफन्ससमोर श्रोते होते. देवळाच्या ओसरीवर बसून ऐकणारे, मान डोलावणारे, शंका विचारणारे. ख्रिस्तायनाच्या काळीं तो श्रोता वाचक झाला होता, आणि पुराणाचा सांचा वाचकाच्या एकांतास पुरेसा पडत नाहीं. टिळकांचें खरें सामर्थ्य त्यांच्या अभंगांत आणि पदांत आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें ते म्हणत. आणि तें केवळ सौजन्याचें बोलणें नव्हतें, हें त्यांच्या शब्दकळेवरूनच सिद्ध होतें.

दोघां कवींची तुलना करूं लागतांच पंथभेद कोठें आहे तें स्पष्ट दिसतें. स्टीफन्सच्या मंगलाचरणांत त्र्यैक्याबरोबर कुमारी मरियेस, देवदूतांस आणि संतांस वंदन आहे. त्याच्या वैकुंठांत राणी आहे. संकटांत सांपडलेला जीव तिच्या पदरास धरतो. प्रॉटेस्टंट उपासनेंत ह्या मध्यस्थीस जागा नाहीं. टिळकांनीं ती जागा मोकळी ठेवली काय? नाहीं. त्यांनीं ख्रिस्तासच माउली म्हटलें, गुरु म्हटलें, आणि वारकऱ्यानें विठाबाईस घालावी तशी त्यास हांक घातली. आमच्या मतें मराठी ख्रिस्ती काव्यांतील हें सर्वांत महत्त्वाचें स्थळ आहे. एका पंथानें मातृत्व मरियेच्या ठायीं ठेवलें, दुसऱ्या पंथाच्या कवीनें तें ख्रिस्ताच्याच ठायीं शोधलें. पण आईवांचून देवाकडे जातां येत नाहीं, ही मराठी मनाची खूण दोघांनींहि ओळखली. येथें भेद नाहींसा झाला काय? मुळींच नाहीं. कॅथोलिक म्हणेल, राणीस खालीं उतरविलें. प्रॉटेस्टंट म्हणेल, मध्यस्थ दूर केला. तरी त्या भेदांतूनच दोन निरनिराळीं आणि दोन्ही अस्सल काव्यें निर्माण झालीं. भेद पुसून टाकला असता तर त्यांतलें एक तरी आपणांस मिळालें नसतें.

ह्या ठिकाणीं संशोधनाच्या क्षेत्रांतला एक दाखला उपयोगी पडेल. सालदानांची आवृत्ति रोमन लिपींतली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे, हें १९२० नंतरच्या वर्षांत विद्वानांच्या नजरेस आणून दिलें तें जस्टिन ॲबट ह्यांनीं. हे ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे टिळकांच्याच मंडळींतले प्रॉटेस्टंट! जेसुइटाच्या पुराणासाठीं प्रॉटेस्टंट पाद्र्यानें डोळे झिजवावे, ह्याहून सुंदर ऐक्य सभेंत ठराव करून साधलें नसतें. ती देवनागरी प्रत आणि ती रोमन प्रत ह्यांच्यांत शब्दांचा फरक आहे; एकीस संस्कृत वळण अधिक, दुसरींत लोकांतले आणि कोंकणी शब्द अधिक. चांगला संपादक अशा वेळीं काय करतो? एक प्रत जाळून दुसरी खरी ठरवीत नाहीं. दोहोंची सरमिसळ करून तिसरीच प्रत बनवीत नाहीं. एक पाठ वर घेतो, दुसरा खालीं नोंदवितो, आणि दोन्ही एकाच ग्रंथाचे म्हणून जपतो. पंथभेदाकडे पाठभेद म्हणून पाहतां येईल काय, असा प्रश्न आम्ही विचारतों. कांहीं पाठ चुकीचे असतील. लेखनिकाच्या डुलकीनें शिरलेले असतील. परंतु ते चुकीचे आहेत हें ठरवावयास आधीं ते वाचावे लागतात.

आणि वाचनच नेमकें होत नाहीं. मराठी कॅथोलिक आणि मराठी प्रॉटेस्टंट ह्यांची धर्मभाषा इतकी निराळी झाली आहे कीं, दोन निरनिराळ्या धर्मांचें वर्णन ऐकतों आहों असा परक्यास भास व्हावा. एक 'बाप्तिस्मा' म्हणतो, दुसरा 'स्नानसंस्कार'. एकाची 'मंडळी', दुसऱ्याची 'ख्रिस्तसभा'. एकाचें 'प्रभुभोजन', दुसऱ्याची 'मिस्सा'. एकाचा 'पाळक', दुसऱ्याचा 'धर्मगुरु'. ग्रंथहि सारखा नाहीं. प्रॉटेस्टंट बायबलांत ६६ पुस्तकें, कॅथोलिक बायबलांत ७३. अशा स्थितींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचें 'सुबोध बायबल' २०१० सालीं आलें, त्यास २०१३ सालचें साहित्य अकादमीचें भाषांतराचें पारितोषिक मिळालें, आणि २०२० सालीं धाराशिवच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. ह्या सन्मानाचें महत्त्व एका व्यक्तीपुरतें नाहीं. स्टीफन्सच्या पंथाचा वसईचा धर्मगुरु आणि रमाबाईंच्या परंपरेचा वाचक ह्यांना एकत्र बसतां येईल अशी जागा मराठी भाषेनें मोकळी केली. ज्या जागीं त्या दोघांस भेटतां आलें ती जागा कोणत्याहि एका पंथाच्या मालकीची नव्हती, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वाङ्मयानें असें जोडकाम चालविलें असतां संस्थांनीं काय केलें? ह्याचें उत्तर गोंदियापासून सुमारें १३० किलोमीटरांवरच्या नागपुरांत मिळतें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रलांत चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, १९२४ सालींच एकत्र आलेले काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, ब्रेदरन, आणि डिसायपल्स, अशा सहा संघटना त्या दिवशीं एक झाल्या. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक. दक्षिणेंत असें ऐक्य १९४७ सालींच झालें होतें. पण बॅप्टिस्टांसारख्या, बालकांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्यांस त्यांच्या तत्त्वासह सामावून घेणें हें नागपूरचें वैशिष्ट्य. तोड निघाली ती अशी कीं, दोन्ही प्रकार वैध मानावे आणि निवड कुटुंबाच्या विवेकावर सोपवावी. पाळकांच्या अधिकाराचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. ज्यांचे पाळक बिशपाच्या हातून नेमलेले नव्हते, त्यांची पूर्वींची सेवा खरी कीं खोटी? त्यावर सर्वांनीं एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्या कृतीनें कोणास काय नव्यानें मिळालें ह्याचा निर्णय देवावर सोडला. टीकाकार ह्यास संदिग्धपणा म्हणाले. आम्हांस त्यांत संपादकाचा संयम दिसतो. दोन पाठ समोर असतां, हातीं पुरावा नसतां, निर्णय न देणें हाहि प्रामाणिकपणाच होय.

पण नागपूरच्या घटनेचें केवळ कौतुक करून थांबणें टीकालेखास शोभणार नाहीं. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट त्याच वर्षीं, अगदीं शेवटच्या घटकेस, बाजूस झाले, आणि आज त्यांची मंडळी निराळीच आहे. एकत्र आलेल्यांपैकीं ब्रेदरन मंडळीच्या गुजरातेंतील मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ च्या निकालांत, कायद्याच्या दृष्टीनें ती मालमत्ता नव्या संस्थेकडे आलेली नाहीं, असें ठरलें. प्रार्थना जुळली, पण सातबारा जुळला नाहीं! कॅथोलिकांशीं तर असें ऐक्य झालेंच नाहीं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें नोव्हेंबर १९६४ मध्यें ऐक्यावर जो निर्णय काढला, त्यानें शेजारधर्म पुष्कळ सुधारला, परंतु प्रभूच्या मेजाची पंगत अद्याप एक नाहीं. शिवाय नवेनवे स्वतंत्र प्रार्थनागट सारखे उभे राहत आहेतच. वरून सहांचा एक झाला, खालून एकाचे अनेक होत आहेत.

ह्याहून खोल एक उणीव आहे, आणि तिजकडे लक्ष वेधावयास पुन्हां वाङ्मयाकडेच यावें लागतें. मिशनांच्या मंडळ्यांत पंथांचा भेद जेवढा बोलला गेला, तेवढा जातीचा भेद बोलला गेला नाहीं. वास्तविक येणाऱ्या माणसाच्या ताटाशीं आणि पाण्याशीं संबंध होता तो दुसऱ्याच भेदाचा. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'चें, १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या त्या अपूर्व ग्रंथाचें, थोरपण येथें आहे. नवरा ख्रिस्ती झाला, बायको हिंदु राहिली; मग दोघें एका गांवीं आलीं तरी चूल निराळी, पाणी निराळें, सोंवळें निराळें. ह्या बाईनें बायबल आधीं वाचून मग विटाळ सोडला नाहीं. देवानें माणसें निर्माण केलीं तर जाति कोणीं केल्या, असा विचार तिच्या मनांत आधीं आला, विटाळ आधीं गेला, आणि बाप्तिस्मा १९०० सालीं नंतर आला. ह्या क्रमाचें महत्त्व धर्मशास्त्र्यांनीं ओळखलेलें नाहीं. ऐक्याचा आरंभ मतांच्या जुळणीपासून होतो असें सर्व समित्या धरून चालतात. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यांत तो पाण्याच्या भांड्यापासून झाला. आणि तो त्यांनीं सांगितला तो विनोदानें, स्वतःच्या फजितीसह, कोठेंहि उपदेश न करतां. म्हणूनच ब्राह्मण घरांतल्या वाचकानेंहि तो ग्रंथ आपला मानला.

टिळकांनीं १९१७ च्या सुमारास मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्याचा विचार ह्या प्रकाशांत केला पाहिजे. ख्रिस्तास गुरु मानणाऱ्या कोणासहि, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्या दरबारांत जागा होती. पंथांच्याच नव्हे, तर मंडळीच्या कुंपणापलीकडे पाऊल टाकणारी ही कल्पना. तिच्यावर आक्षेप आला तो साहजिक होता: ज्या घरास उंबरा नाहीं, त्यास घर कसें म्हणावें? हा आक्षेप आम्ही पोरकट मानीत नाहीं. उंबरा नसला म्हणजे आंत-बाहेर राहत नाहीं, आणि कोणीच कोणास उत्तरदायी राहत नाहीं. टिळक दोन वर्षांतच गेले, त्यामुळें प्रयोग टिकला असता काय हें ठरविण्यास साधन उरलें नाहीं. परंतु ज्या कवीच्या हातांत पहिलें पुस्तक एका पंथाच्या माणसानें आगगाडींत ठेवलें आणि दीक्षा दुसऱ्यानें दिली, त्यास उंबऱ्याचें फारसें भय वाटूं नये हें त्याच्या आयुष्याशीं सुसंगतच होतें. दरबार ही संस्था म्हणून अपुरी राहिली. कविता म्हणून ती टिळकांच्या शेंकडो पदांतून पुरी झाली. त्या पदांपैकीं पुष्कळ 'उपासना संगीता'मध्यें आहेत, आणि जे पाळक एकमेकांच्या वेदीवर उभे राहणार नाहींत, त्यांच्या मंडळ्या तीं पदें एकाच चालीवर म्हणतात.

मग निष्कर्ष काय? वाङ्मयानें ऐक्य साधलें आणि संस्थांनीं तें बिघडविलें, असा सोपा निकाल आम्हांस द्यावयाचा नाहीं. वाङ्मयास तिजोरी सांभाळावी लागत नाहीं, पाळकाचा पगार ठरवावा लागत नाहीं, लेकराचा बाप्तिस्मा कोणत्या दिवशीं हें सांगावें लागत नाहीं. म्हणून त्यास औदार्य परवडतें. संस्थेस निर्णय घ्यावे लागतात, आणि निर्णय म्हटला कीं कोणीतरी दुखावतो. परंतु संस्थेस जें साधलें नाहीं त्याचें एक कारण वाङ्मयच दाखवूं शकतें, आणि तें हें कीं, चाळीस वर्षें मसुदे वाचणाऱ्यांनीं एकमेकांचीं काव्यें मात्र वाचलीं नाहींत. प्रॉटेस्टंट घरांत ख्रिस्तपुराण कितीसें उघडलें जातें? कॅथोलिक घरांत 'अभंगांजलि' किती जणांच्या हातीं पडते? १९५६ सालीं शांताराम बंडेलूंनीं पुराणाची देवनागरी आवृत्ति काढली. १९९६ सालीं कॅरिदाद द्रागो ह्यांनीं गद्य रूपांतरासह ती सुगम केली. आतां लिपीची सबब राहिलेली नाहीं.

गोंदिया असो, वसई असो कीं नगर असो, जेथें दोन देवळांच्या घंटा एकाच रविवारीं निरनिराळ्या वेळीं वाजतात, तेथें घंटा एक करण्याची घाई नको. मरियेच्या पदरास धरणाऱ्यानें टिळकांचा 'माउली' हा शब्द एकदां शांतपणें ऐकावा, आणि टिळकांचीं पदें म्हणणाऱ्यानें स्टीफन्सच्या राणीपुढें क्षणभर उभें राहावें. दोघांस एकमेकांचा पाठ पटेलच असें नाहीं. पण ज्याचा पाठ आपण वाचला, त्यास परका म्हणणें जड जातें. आणि हिंदु वाचकानेंहि हें प्रकरण 'ख्रिस्ती वाङ्मय' म्हणून शेवटीं ठेवून न देतां, आपल्याच भाषेच्या पोथींतील एक पाठ म्हणून मधोमध वाचलें, तर ह्या विषयाची निम्मी अडचण तेथेंच सरेल.